कानाची फाइल, डोक्याची फाइल

आमच्या वडिवळ्याकडे भात लावताना बाया उलट्या चालतात. रोप पुढे लावायचं आणि पाऊल मागे टाकायचं. पोटरीएवढा चिखल, पाठीवर प्लॅस्टिकचा कागद, डाव्या हातात रोपांची मूठ. उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि मागे सरकायचं. आपल्या पाठीमागे काय आहे ते ओळीतल्या कुणालाच दिसत नाही. फक्त टोकाची बाई मधूनमधून मान वळवून बघते आणि बांध जवळ आला की हाक देते, "बांध आला गं!" तिची चाल तीच सगळ्यांची चाल. मधली एखादी मागे पडली आणि "थांब गं" म्हणाली, तर टोकाचीने थांबायचं, मग सगळी ओळ थांबते. ती थांबली नाही तर ओळ तिरकी होते, आणि तिरकी ओळ मग कापणीपर्यंत रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसते.

ही टोकाची जागा माझ्या आईची होती. वीस-बावीस वर्षं तरी. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज तुमच्या खाचरात सगळ्या, उद्या आमच्या. पण खाचर कुणाचंही असो, टोकाला आई. ती जागा तिला कुणी दिली नव्हती आणि तिनेही कधी मागितली नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नाही, सही म्हणून ती अंगठा देते. पण लावून झालेलं खाचर बघून बांधावरची म्हातारी माणसं म्हणायची, "दोरी धरली व्हती का काय?" तेव्हा तिचा चेहरा बघावा.

मी तिची धाकटी मुलगी आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी आजही मान ताठ करून सांगते. कामशेतहून गाडी पकडून कॉलेज केलं, बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं, आणि आता लोणावळ्याजवळ एका शाळेत विज्ञान शिकवते. सासर कुसगावला. आईच्या घरी दादा आणि वहिनी. मी शिकले ते आईच्या जिद्दीवर. त्यामुळे तिच्या दुखण्याचा प्रश्न आला तेव्हा तो मीच सोडवणार हे मी गृहीत धरलं होतं. तिनेही धरलं होतं. चूक तिथूनच सुरू झाली.

पहिल्यांदा झालं ते लावणीतच. खाचरातल्या पाण्यावर ऊन पडलं होतं, आई टोकाला होती, आणि ती एकदम उजवीकडे कलंडली. बाया हसल्या. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "काय वो, सकाळच्या पारी काय टाकून आलाय?" आईही हसली म्हणे, तोंडावर चिखल होता तरी. मग उठायला गेली तर उठवेना. बांधावर नेऊन बसवली तर भडाभडा ओकली. नंतर मला म्हणाली, "खाचरातलं पानी वर गेलं आन् आभाळ खाली आलं. म्या चिखलाला धरून व्हते, तरी पडायचं भ्या वाटत व्हतं."

दुसऱ्या दिवशी ती घरात कोपऱ्यात, डोक्याला फडकं करकचून बांधून पडून होती. दार लोटलेलं. वहिनीने भांडं ठेवलं तरी "हळू गं माय" म्हणायची. पण ह्या दुसऱ्या दिवसाकडे आमच्यापैकी कुणाचं लक्ष गेलं नाही. अर्धशिशी तिला होतीच. तिच्या आईलाही होती. आमच्याकडे अर्धशिशीला आजार म्हणत नाहीत; एखादीचे केस लांब असतात तशी एखादीला अर्धशिशी असते. सुंठ उगाळून लावायची आणि कामाला लागायचं. ती कोण डॉक्टरला सांगतं?

गावात कुणी म्हणालं, बाहेरचं असेल, दाखवून आणा. मी सुट्टी काढून गेले आणि दादाला सगळ्यांसमोर म्हणाले, "असलं काही चालणार नाही. मी नेते तिला डॉक्टरकडे." त्या दिवशी मी जिंकले आणि मला फार बरं वाटलं.

तळेगावला कानाचे एक डॉक्टर होते, तिथे नेलं. जाताना गाडीत आईने मला सगळं सांगितलं. तिने सांगितलेलं मला आज शब्दन् शब्द आठवतं, म्हणून जास्त त्रास होतो.

"आदी उजव्या कानात कापूस कोंबल्यावानी व्हतं. मग कानात पिठाची गिरनी सुरू व्हती. मग समदं फिरतं. ते थांबलं की त्याच अंगाचं डोकं ठनकाय लागतं, आन् उजेड न्हाई बघवत. कवा कवा डोकं आदी, चक्कर मागनं. पन एकच हाय गं ते. कानातनं निघतं आन् डोक्यात जातं."

मी म्हणाले, "आई, असं नसतं. कान वेगळा, डोकं वेगळं. दरवर्षी मुलांना कानाची आकृती काढून शिकवते मी."

"बरं बाय. तुला ठावं."

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" आईने सुरुवात केली, "सायेब, माजं डोकं हाय ना, ते..."

मी तिला थांबवलं. "अगं, हे कानाचे डॉक्टर आहेत. डोक्याचं इथे नको." आणि मग मीच इंग्रजीत सांगितलं: चक्कर येते, उजव्या कानात आवाज येतो, कान जड होतो. डॉक्टरांना माझं नेमकं बोलणं आवडलं असावं. त्यांनी ऐकू येण्याची तपासणी केली, आतल्या कानाच्या पाण्याचा दाब वाढतो म्हणाले, मीठ कमी करायला सांगितलं, गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर मी तळेगावच्या बाजारातून निळी प्लॅस्टिकची फाइल घेतली आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. वर मोठ्या अक्षरात 'कान' लिहिलं.

आईने गावभर सांगितलं, "माजी पोरगी डॉक्टरसंगं विंग्रजीत बोलली. डॉक्टर नुस्ता मान हलवत व्हता."

चक्कर थोडी कमी झाली, गेली नाही. डोकं मात्र वाढलं. म्हणून काही महिन्यांनी पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथेही तेच. आई म्हणायला लागली, "कानात गिरनी सुरू झाली की..." आणि मी टेबलाखाली तिचा हात दाबला. तिला कळलं. मी डोकेदुखीचं सगळं व्यवस्थित सांगितलं: किती दिवसांनी, कुठल्या बाजूला, किती वेळ. मोठ्या डॉक्टरांचा वेळ आपण घेतोय, बाहेर पन्नास माणसं बसली आहेत, एका जागी दोन दुखणी सांगितली तर हे आपल्याला अडाणी समजतील, असं माझ्या मनात होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही त्रास?" मी म्हणाले, "नाही." मला वाटलं, कानाचं तर दुसरीकडे चालूच आहे. डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. दुखेल तेव्हा घ्यायची गोळी दिली. त्या कागदांना मी गुलाबी फाइल केली.

दोन फायली, दोन डॉक्टर, दोन पिशव्या गोळ्या. कानाच्या डॉक्टरांनी गुलाबी फाइल कधी पाहिली नाही आणि डोक्याच्या डॉक्टरांनी निळी. माझा नीटनेटकेपणा आड आला. आईला वाचता येत नव्हतं, ती रंगावरून ओळखायची. निघताना विचारायची, "आज निळी का गुलाबी?" म्हणजे आज काय बोलायचं आणि काय नाही, ते तिला रंगावरून कळायचं.

तिला बाकी कशाचं काही नव्हतं. जेवण अळणी केलं, तिने खाल्लं. सुयांना घाबरायची, तरी टोचून घेतलं. प्रत्येक वेळी घरी परतताना एकच विचारायची, "औंदा लावनीला उभं ऱ्हाता यील न्हवं?" मी म्हणायचे, "येईल की." माझ्याकडे तेवढंच उत्तर होतं.

दोन लावण्या तिने कशाबशा काढल्या. तिसऱ्या वर्षी ती पुन्हा पडली, आणि ह्या वेळी शेजारच्या बाईच्या अंगावर. सगळी ओळ विस्कटली, लावलेली रोपं तुडवली गेली. खाचर आमचं नव्हतं, दुसऱ्यांचं होतं. सावडीत हे वाईट. त्या लोकांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरची बाई आमच्याकडे आली नाही. वहिनीने मला फोन केला. "ताई, तुमीच सांगा त्यांना. माजं ऐकायच्या न्हाईत."

मी गेले. आई अंधारात पडलेली, कपाळाला फडकं. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "आई, आता खाचरात उतरायचं नाही." तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला शाळेतून रजा काढून यावं लागलं होतं, आणि मी पुढे बोलले, "सगळे रिपोर्ट चांगले आहेत. बरोब्बर लावणीच्याच दिवशी कसं होतं गं तुला? थोडं मनाचंही असतं."

तिने फडकं डोळ्यांवरून वर सरकवलं. "म्हंजी म्या सोंग करते?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "तसं नाही, पण." तो 'पण' तसाच राहिला.

त्या वर्षीपासून टोकाला शेजारच्या मावशी उभ्या राहायला लागल्या. आई लावणीच्या दिवशी घरी भाकऱ्या थापायची आणि पाटी वहिनीच्या डोक्यावर द्यायची. स्वतः खाचराकडे फिरकली नाही. माझ्याशी बोलणं तिने सोडलं नाही, तो तिचा स्वभाव नव्हे. पण दुखण्याचं सांगणं सोडलं. विचारलं की म्हणायची, "बरी हाय." मला वाटलं, गोळ्या लागू पडल्या.

मधे चार वर्षं गेली.

मग एका शनिवारी मी लोणावळा स्टेशनच्या पुलावरून उतरत होते. पर्यटकांची नेहमीची झुंबड. कान सकाळपासून दडे बसल्यासारखे झाले होते, त्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. जिन्याच्या मधोमध पायऱ्या माझ्या पायाखालून सरकायला लागल्या, एखादी चटई कुणी ओढून घ्यावी तशा. मी कठडा धरला आणि तिथेच बसले. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, शाळेतल्या बाई, आणि पुलाच्या जिन्यावर बसकण मारलेली. दोन पोरं व्हिडिओ काढत होती. एक म्हणाला, "आंटी, जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय." दुसरा हसून म्हणाला, "अरे, सोड ना, चढलीय वाटतं त्यांना."

शेजारच्या मावशींचं बोलणं मला तिथेच आठवलं. आई हसली होती. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुसगावच्या घरात पडदे ओढून मी पडून होते आणि डोक्याची उजवी बाजू ठणकत होती. डोकं मला कॉलेजपासून धरतं. मी त्याला ॲसिडिटी म्हणत आले. अर्धशिशी आईला होते, मला ॲसिडिटी होते. शिकल्याने एवढा फरक पडला होता.

लोणावळ्यातल्या ज्या डॉक्टर बाईंकडे गेले त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी चक्कर किती वेळ टिकली ते विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, "त्याच्या आधी किंवा नंतर डोकं दुखतं? उजेड, आवाज सहन होत नाहीत?" मी मान हलवली. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "घरात आणखी कुणाला?"

मी आईचं सांगितलं. सहा-सात वर्षांनी का होईना, तिच्याच शब्दांत सांगितलं. कापूस, गिरणी, फिरणं, ठणका.

त्यांनी समजावलं ते असं, की अर्धशिशी म्हणजे नुसतं डोकं दुखणं नव्हे. तोल सांभाळणारा आतला कान आणि त्याच्याशी जोडलेला मेंदूचा भाग, दोन्ही तिच्या तडाख्यात येतात. कधी डोकं न दुखताही नुसती चक्कर येते. आणि आतल्या कानाच्या पाण्याचा जो आजार असतो, तोही अर्धशिशीच्या माणसांत पुष्कळदा दिसतो. दोन्ही एकाच माणसात असतात, हातात हात घालून. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. "उपाशीपोटी राहणं, झोप मोडणं, पाण्यावरचं चमकतं ऊन, सारखं वाकणं, ह्याने उठतं."

उपाशीपोटी. लावणीच्या दिवशी आई पहाटे उठून सगळ्यांचं करायची आणि स्वतः कपभर चहावर खाचरात उतरायची. सगळं बरोब्बर लावणीच्याच दिवशी का होतं, त्याचं उत्तर हे होतं.

"तपासणीत दिसत नाही का हे?" मी विचारलं.

"फारसं नाही. पेशंट काय सांगतो त्यावरूनच बरंचसं ओळखावं लागतं. आईंना घेऊन या. फायली असतील त्या सगळ्या आणा."

आईला आणलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं की तिला ऐकू येत नाही. फोनवर ती "व्हय, व्हय" करायची त्यातलं निम्मं ऐकू न येताच असायचं. उजवा कान गेल्यातच जमा होता आणि डावाही मंद झाला होता. ती कुणाला बोलली नव्हती. कुणाला बोलणार?

डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, काय होतं ते पहिल्यापासून सांगा." आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन प्रश्न सांगितला. तिने टेबलावरच्या दोन फायली बघितल्या, निळी आणि गुलाबी, शेजारी शेजारी. आणि मग माझ्या हाताकडे बघितलं. माझा हात तिच्या हाताजवळच होता.

मी दोन्ही हात मागे घेतले.

मग ती बोलली. माझी आई इतका वेळ डॉक्टरशी बोलताना मी कधी पाहिली नव्हती. मध्येच मला एक इंग्रजी शब्द सुचला, तो मी गिळला. शेवटी ती म्हणाली, "एकच हाय ते, बाई. कानातनं निघतं आन् डोक्यात जातं. म्या पयल्यापासनं म्हनते."

"बरोबर आहे तुमचं," डॉक्टर म्हणाल्या. आईला ऐकू गेलं नाही. ते मला तिच्या कानात सांगावं लागलं. "आई, त्या म्हणतात, तुझं बरोबर होतं."

"व्हय?" ती म्हणाली. माझ्याकडे वळून म्हणाली, "मग तवाच सांगू द्यायचं व्हतंस."

बाहेर येण्याआधी मी डॉक्टरांना एकटीने विचारलं, की आधी कळलं असतं तर कान वाचला असता का. त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित. कदाचित नसताही. चक्कर आणि डोकं पुष्कळ आटोक्यात येईल. गेलेलं ऐकणं मात्र परत येणं अवघड."

तसंच झालं. रोजची एक गोळी, वेळेवर खाणं, वेळेवर झोप, आणि ऊठसूट डोकेदुखीची गोळी घेणं बंद. वर्षभरात चक्कर इतकी कमी झाली की मागच्या लावणीच्या आधी चार-पाच महिने तिला एकदाही आली नव्हती. रोपं उपटायच्या आदल्या दिवशी तिने मला फोन केला. स्वतःच केला. ऐकू येत नाही म्हणून एका दमात बोलली आणि ठेवून दिला, "औंदा उतरते म्या. तू ये."

मी गेले. तिला आधी भाकरी खायला लावली. आमच्या कालव्याखालच्या खाचरात बाया उतरल्या होत्या. शेजारच्या मावशी टोकाला होत्या. आई बांधावरून येताना दिसली तशा त्या आपणहून आत सरकल्या. "या, या. तुमची जागा हाय, आमी नुस्ती राखली." आईला शब्द कळले नसतील, पण जागा कळली. तिने पदर खोचला आणि टोकाला उभी राहिली.

हात तसाच चालत होता. तोल जात नव्हता. मी बांधावर उभी होते आणि चार-पाच वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की निदान हे तरी परत मिळालं.

ओळ निम्म्या खाचरात आली तेव्हा वहिनीच्या हातातली मूठ संपली. ती म्हणाली, "थांबा की जरा." आई मागे सरकत राहिली. "आत्याबाई, थांबा!" मग शेजारच्या मावशीही ओरडल्या. आई खाली बघून लावत होती, चार काड्या, पाऊल मागे, चार काड्या, पाऊल मागे. आपल्या चालीत ती किती सुखात होती ते मला तिच्या पाठीवरून कळत होतं, म्हणून मीही हाक मारली नाही. बाकीच्या बाया एकमेकींकडे बघून तिच्या मागे मागे ओढल्या गेल्या. कुणी हसलं नाही.

बांध जवळ आल्यावर तिने मान वळवली, "बांध आला गं!" म्हणून हाक दिली, नेहमीपेक्षा मोठ्याने, आणि पाठ सरळ करून पुढे बघितलं. ओळ तिरकी गेली होती. मधे वहिनीच्या जागी पोट सुटल्यासारखा बाक आला होता. आईने तो बघितला. बायांच्या तोंडांकडे बघितलं. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. ओळ कशामुळे तिरकी होते ते त्या सगळ्यांत तिलाच जास्त ठाऊक.

ती पाटात गेली, हातपाय धुतले, आणि बांधावर येऊन बसली. शेजारच्या मावशींना हाताने खूण केली. "तू हो तितं."

"अवो, बसलाय काय? चला की," मावशी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हो गं तू. म्या मुठी देते." आणि तिने रोपांची पेंढी पुढे ओढून सोडवायला घेतली.

मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. ती पेंढी सोडवून मुठी करत होती आणि बायांच्या दिशेने बरोब्बर हाताशी पडेल अशी एकेक फेकत होती. ओळ पुन्हा मागे सरकत सरकत आमच्याकडे आली. मावशींनी मान वळवून हाक दिली. आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हनली ती?"

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "बांध आला, आई."

"आला का," ती म्हणाली, आणि पुढची मूठ उचलली.